एका खेपेत दोन

जोडीवाले सर जन्मभर एकटे राहिले. माजलगावच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या या माणसाला एकच जोडी ठाऊक होती, एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांची. कणांना ते क्युबिट म्हणत. देशात उदारीकरण आलं, गावात केबल आली, आणि सरांकडे कुण्या शोधनिबंधाची पुसट झेरॉक्स आली. गाव केबल बघत बसलं.

"जोडीतला एक कण आधीच तिकडं पोचवून ठिवायचा," सर सांगत. "मग सांगायचं ते आपल्याजवळच्या कणावर करायचं आन् तो धाडायचा. तिकडं दोन्ही मिळून तपासले की एका कणाच्या खेपेत दोन गोष्टी पोचल्या. एकटा कण मात्र मुका." वर्गात आम्ही दोघंच. त्यातला एक झोपलेला असे.

सर शाईपेन कुणालाही देत नसत. मागितलं की म्हणत, "मी मेल्यावर न्या."

एकदा संस्थेची समिती आली. फिजिक्सचा वर्ग ठेवायचा की त्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे, हे ठरवायला अर्थातच ऊस बागायतदार अध्यक्ष होते. सरांनी त्यांनाही जोडी समजावली.

"म्हंजी एका टरकात दोन टरकाचा ऊस?"

"हां, पण जोडीचा टरक आधी गेलेला पायजे."

"मग दोन खेपा झाल्याच की, सर!"

समिती खो खो हसली. सर मात्र हरखले. "लई नेमका सवाल! पण पैली खेप निवांत जाती, काय सांगायचं ते ठरायच्या आधी." उभ्या नोकरीत इतका नेमका प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. विचारला तो वर्ग बंद करायला आलेल्या माणसानं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुला काई समजलं का बे?"

मला समजलं होतं. पण मला कॉम्प्युटर हवा होता.

"न्हाई," मी म्हणालो.

वर्ग बंद झाला. कॉम्प्युटर आले, दसऱ्याला त्यांची पूजा झाली, शिकवायला मात्र वर्षभर कुणी आलं नाही. सरांना संस्थेच्या दूरच्या शाळेत धाडलं. जाताना त्यांनी माझ्या हातात पेनाचं नुसतं टोपण ठेवलं. "जपून ठिव. बाकीचं मागून धाडतो." मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. तरी टोपण टाकवलं नाही.

चार वर्षांनी दिंद्रुडहून सरांच्या बहिणीचं पार्सल आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त बिनटोपणाचं पेन. पोस्टमन हळहळला, "टोपण ऱ्हायलं वाटतं."

मी जपलेलं टोपण आणून पेनाला बसवलं आणि रडलो. सर गेले, ही एक गोष्ट. आणि जोडी ज्याला समजली त्याच्याच हाती त्यांनी टोपण दिलं, म्हणजे त्या दिवशी मी खोटं बोललो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, ही दुसरी.