पाणी मागे गेलं तेव्हा

सन २००६. माझं वय एकाहत्तर, आणि तेव्हा मला एक पाय होता.

दुसरा आदल्या वर्षी साखरेने नेला, गुडघ्याखालून. बायको गेल्यावर मुलाने मला इकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आणलं होतं, त्यामुळे पाय कापला तोही इथल्याच डॉक्टरने. नकली पाय बसवून देतो म्हणाले. मी म्हटलं, नको. गेला तो गेला, सोंग कशाला आणायचं? मग चाकांची खुर्ची आली. जो उजवा उरला होता त्याच्या तळव्याला काही कळत नसे. विस्तव ठेवला तरी कळलं नसतं. डॉक्टरने मुलाला बजावलं होतं की एवढीशी जखम झाली तरी हाही पाय जाईल. म्हणून सूनबाई रोज झोपण्याआधी माझ्या पायाशी बसून टॉर्च लावून तळवा बघायची. लेकीसारखी पोर, पण मला ते नको व्हायचं. सासऱ्याचा तळवा सुनेने बघावा?

आम्ही गोदाकाठचे भोई. शाळेत मी दुसरीपर्यंत, पुढे सगळं नदीत. अशा माणसाने मोठ्या घरात गार हवेत बसून काय करायचं? एक दिवस सूनबाई म्हणाली, "बाबा, तळ्यावर अपंगांसाठी वेगळा धक्का केलाय फिशिंगला. चला, दाखवते." अपंग शब्द मला लागला. पण गेलो.

धक्का चांगला होता, खोटं का बोलू. खुर्ची सरळ आत जाईल असा उतार, लाकडी फळ्या, आणि कठडा दोन ठिकाणी कापून खाली घेतलेला, बसल्या माणसाचा हात वरून जावा म्हणून. ज्याने बांधला त्याने खुर्चीत बसून बघितलं असणार. सूनबाई ऑफिसला जाताना मला सोडायची, संध्याकाळी मुलगा न्यायला यायचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा, एकदा जरी पडलात ना, तर हे कायमचं बंद. मी रिस्क घेणार नाही." मी मान हलवली. त्या धक्क्यावर मला कुणी विचारत नसे की जेवलात का, गोळी घेतली का. तेवढ्या तासांपुरता मी माझा होतो.

कठड्याच्या दुसऱ्या कापावर एक गोरा बसायचा, साठीचा. घरांवर छपरं घालायचा, तिथूनच पडला आणि कमरेखालून लुळा झाला. मी मनात त्याला छप्परवाला म्हणायचो. तो मला बाबा म्हणायचा, सूनबाईचं ऐकून. माझं इंग्रजी मूठभर, त्याचं मराठी तेवढा एक शब्द. पण दोन माणसं गळ टाकून बसली की बोलायला लागतंच किती?

त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. तळं आटायला लागलं. आधी धक्क्याखालचे खांब उघडे पडले, मग चिखल, मग चिखलाला भेगा. पाणी आमच्यापासून लांब लांब गेलं. ज्यांना पाय होते ते बादल्या घेऊन आमच्या समोरून उतरायचे आणि पाण्याच्या मागे जायचे. आम्ही दोघं कठड्याशी. गळ टाकला की चिखलावर पडायचा, थप्प.

"नो वॉटर, नो फिश," मी म्हणायचो.

"नो फिश, नो वाइफ शाउटिंग," छप्परवाला म्हणायचा. बायको त्याला केव्हाच सोडून गेली होती. पुढे पुढे तो हे म्हणेनासा झाला.

मग मुलगा म्हणाला, "पाणीच नाही तर रोज जायचं कशाला? पुढच्या आठवड्यापासून बंद करू." त्याचंही बरोबर होतं. पण मला पाणी कुठे दडतं ते माहीत होतं. ओहोळ जिथे तळ्याला मिळायचा तिथे काळं पाणी राहिलं होतं. डोह. आटत्या पाण्यात मासा डोहात गोळा होतो. एक मासा नेऊन दाखवला की मुलगा गप्प बसेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी तिथे नेहमी येणारा एक तरणा, दांडगा मेक्सिकन माझं बघणं ओळखून जवळ आला. स्वतःच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कम, ग्रँपा. आय कॅरी यू."

आमच्या घराण्याने पालख्या वाहिल्या. नवरदेव वाहिले, बाळंतिणी वाहिल्या, पाटलिणी वाहिल्या. माझ्या आजाच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. भोयाचं पोर कुणाच्या पाठीवर बसत नाही. मी म्हटलं, "नो."

तो गेल्यावर मी खुर्ची उताराच्या तोंडाशी नेली, गळ गळ्यात अडकवला आणि खाली सरकलो. बूट काढून ठेवला, चिखलात रुतला असता. बसून, हातांवर भार देऊन, पायाने रेटा देत उलटा उलटा जात राहिलो.

"बाबा! आर यू क्रेझी? बाबा!" छप्परवाला ओरडत होता. त्याला ओरडण्यापलीकडे काय करता येणार होतं?

गेलो. डोहाच्या काठाला बसून गळ टाकला. ऊन टाळूवर आलं तेव्हा ओढ लागली. मिशांचा मासा, आपल्या शिंगाळ्यासारखा, हातभर लांब. मी जोरात हसलो असेन, कारण छप्परवाल्याने लांबून टोपी हलवली.

परत येणं जमेना. चढ होता, आणि हातातलं बळ संपलं होतं. मी चिखलात बसून राहिलो. शेवटी तो तरणा आला. विचारलं नाही, मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं, एका हातात मासा घेतला. मी डोळे मिटून घेतले. कुणीतरी हसलं. खुर्चीत ठेवून तो फळ्यांवर टाचा वाजवत निघून गेला, मी आभार मानेपर्यंतही थांबला नाही.

छप्परवाल्याने मला खुणेने धक्क्याजवळच्या नळापाशी नेलं. चिखल निघाला तसं पाणी लाल झालं. तळव्यात शिंपल्याचा तुकडा रुतला होता, अंगठ्याखाली, आत. मला काही कळलं नव्हतं. त्याने वाकून नखाने तो काढला.

"डॉक्टर. टुडे," तो म्हणाला.

"नो डॉक्टर."

"आय टेल युवर सन."

"यू टेल, मी नो कम. फिनिश."

त्यालाही कमरेखाली काही कळत नव्हतं, त्याला मी काय सांगणार? मी मासा उचलून त्याच्यापुढे धरला. "टेक." त्याने घेतला नाही. खुर्ची वळवली आणि आपल्या कठड्याशी जाऊन बसला, पाठ करून. मासा फळ्यांवर तोंड उघडत राहिला, मग थांबला.

मुलगा आला तोवर कपडे उन्हात वाळले होते, रुमाल बांधून वर बूट चढवला होता. मासा बघून तो म्हणाला, "अरे वा, बाबा! कुठे मिळाला?" मी म्हटलं, "इथेच." छप्परवाल्याने मान वर केली नाही. गाडीत मुलगा म्हणाला, "मग काही दिवस अजून बघू." सूनबाईने टॉर्च आणली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपलेला होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत मी रुमाल बदलला, वर जाड मोजा चढवला, बुटाची नाडी आवळली, आणि गळ मांडीवर घेऊन दाराशी जाऊन बसलो.