वसुबारसेला गेटावरून परतलेली गाय

उस्मानपुऱ्यातल्या एका मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमध्ये दगडाबाई आणि त्यांची सून विशाखा राहायच्या. गंगापूरकडून शहरात येताना आणलेल्या गाईची नात, चांदी, आणि तिचं वासरू, हाच त्यांचा संसार. समोरच्या सोसायटीत तिचं दूध जायचं.

पोळ्याच्या सुमारास चांदी दावं तोडून सोसायटीच्या बागेत शिरली. सेक्रेटरी श्रेयाताई गॅलरीतून ओरडल्या, "अरे, मारा तिला! हाकला!" वॉचमननं दांडकं घातलं ते नेमकं मागच्या पायावर. दगडाबाई धावत पोचल्या तेव्हा गाय खाली बसली होती. डॉक्टर झाले, लेप झाले, पण चालताना ती पाय ओढायची ती ओढायचीच. सोसायटीतून कुणी साधी विचारपूस केली नाही.

आणि वसुबारसेला, दिवाळीची पहिली पणती लावायच्या दिवशी, श्रेयाताईंचा निरोप आला : संध्याकाळी गाय-वासरू घेऊन या.

"मी नाय जायची," दगडाबाई फणकारल्या. "दांडकं घालताना कुठं गेली व्हती ह्यांची गोमाता?"

"आत्याबाई, सणाचा दिस हाये," विशाखा म्हणाली. "देवाच्या कामाला नाय म्हनू नये."

दगडाबाईंनी धुसफुसतच चांदीला धुतलं, शिंगांना तेल लावलं, पाठीवर झूल घातली.

गेटपाशी रांगोळी होती, पणत्यांच्या रांगा होत्या, पैठण्या नेसलेल्या बायका मोबाइल सरसावून उभ्या होत्या. श्रेयाताई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या आणि थबकल्या.

"मावशी, ही लंगडतेय की! लंगडी गाय पूजेला कशी चालेल? दुसरी कुणाची मिळेल का?"

दगडाबाईंच्या कानशिलात जाळ पेटला.

"लंगडी? कुणी केली लंगडी? तुमीच वरून वरडलात ना, मारा म्हनून? तवा तिच्या पोटातले देव कुठं गेले व्हते? आज फोटू पायजे म्हनून गाय आठवली व्हय!"

"मावशी, नीट बोला! उद्यापासून तुमचं दूध बंद."

"तुमी काय बंद करता? मीच नाय घालत!"

त्यांनी कासरा ओढला. रांगोळी तुडवत चांदी वळली, मागोमाग वासरू.

घरी आल्यावर दगडाबाईंनी चांदीच्या पाठीवरची झूल ओढून काढली. विशाखानं दाराशी पणती लावली. तेवढ्यात सोसायटीतल्या म्हाताऱ्या द्वारकाबाई ताट घेऊन एकट्याच आल्या.

"मला हिचीच पूजा करायचीय."

"करा. पन आधी पाय बघा तिचा."

द्वारकाबाई कष्टानं वाकल्या. पणतीच्या उजेडात त्यांनी सुजऱ्या सांध्यावरून हात फिरवला, तिथंच हळदकुंकू वाहिलं, वासरालाही ओवाळलं.  दगडाबाईंनी द्वारकाबाईंना बसायला पाट दिला, पण तोंडातून गोड शब्द काही निघाला नाही.

भाऊबीजेपासून दूध कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाऊ लागलं. श्रेयाताईंनी दुधासाठी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा दगडाबाईंनी त्याला दारातूनच परत लावलं.