डावीकडचं वळण

दुपारचा वरणभात अंगावर आलाय, छताचा पंखा कुरकुरतोय, आणि कुमुद टिपणीस डोळे मिटून पडल्या पडल्या नोएल साळवींना नकार कसा द्यायचा याची वाक्यं जुळवते आहे. आज पाचपर्यंत सांगा, असं साळवी म्हणालेत. त्यांचं तरी काय चुकलं? कॅम्पातल्या त्या नाचाच्या क्लबात बायका उदंड आणि पुरुष औषधालाही सापडत नाहीत. जोडीदार नसला की भिंतीशी खुर्ची धरून सरबत पीत बसायचं. नवरा, भालचंद्र, गेल्यापासून कुमुद तेच करते आहे. रविवारच्या मोठ्या नाचासाठी साळवींनी आपणहून विचारलं तेव्हा ती हरखली होती. पण काल सरावात त्यांनी तिला वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांच्या तालावर डावीकडे वळवलं आणि ती सरळ खुर्च्यांवर जाऊन आदळली. सगळे हसले. नवरा जन्मभर सांगत होता तेच खरं ठरलं. डावीकडे वळताना कुमुदचा तोल जातो.

पंख्याची कुरकुर हळूहळू ताल धरते. एक-दोन-तीन. एक-दोन-तीन.

"ऊठ," भालचंद्र म्हणतो.

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा आहे. वर्षश्राद्ध झालं तरी याची ऐट काही गेलेली नाही. करडा सूट, पॉलिश करकरून चकाकवलेले काळे बूट. ते बूट कुमुदने कधीच वॉचमनला देऊन टाकलेत.

"तुम्ही गेलात ना हो?"

"मी गेलो, म्हणून तुला रान मोकळं झालं. माझ्या श्राद्धाचं पान उचललं नाहीस तोच जोडीदार शोधायला निघालीस. लाज कशी वाटत नाही?"

"मी नाही शोधला. त्यांनी विचारलं."

"मग तर आणखीच वाईट."

तो तिचा हात धरतो. पकड तीच, बोटं दुखवणारी. ती अनवाणीच त्याच्यामागे ओढली जाते आणि दोघं जेवणाच्या टेबलाभोवती नाचत फिरू लागतात, रोज संध्याकाळी फिरायचे तसे. उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, सदा उजवीकडेच. टेबलावर श्राद्धाचं पान तसंच आहे, खिरीवर साय धरलेली. पुढच्या फेरीला टेबल नसतंच. हॉस्पिटलचा कॉरिडॉर असतो, भिंतीशी सलाइनचे स्टँड ओळीने उभे असतात आणि नर्स ट्रेमधून सरबत वाटत असते.

"आता डावीकडे वळा," ती म्हणते.

"तुझा तोल जातो."

"वळा म्हणते ना!"

"नसतं शहाणपण नको. काल आपटलीस तेवढं बस झालं."

सलाइनचे स्टँड आता बायका झालेत आणि कॉरिडॉर म्हणजे क्लबचा हॉल. कुमुदला सगळं लख्ख आठवतं. दर शनिवारी हा इथे नव्या बायकांना शिकवायचा आणि ती कोपऱ्यात बसून टेप लावायची. कुणी जाड होती, कुणाचे गुडघे धरलेले होते. डावं वळण एकूण एक बायकांना आलं.

"सगळ्यांना शिकवलंत. मलाच का नाही?"

भालचंद्र पहिल्यांदाच ताल चुकतो. मग हसतो. "डावीकडे वळता आलं असतं तर कुणाहीबरोबर नाचली असतीस. तुला माझ्यापुरतं शिकवलं. तेवढं पुरे होतं."

कुमुदच्या अंगाची लाही लाही होते. या माणसासाठी ती वर्षभर उशी भिजवत आली. हा आत्ता जिवंत असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटतं. मग त्याला नीट सांगून सोडून जाता आलं असतं.

"सोडा मला."

"सोडलं तर पडशील."

"सोड!" ती ओरडते. लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरेतुरे केलेलं नाही.

तो सोडत नाही. उलट आणखी आवळतो. मग कुमुद पाय उचलते आणि अंगातला सगळा भार टाचेत आणून त्याच्या चकचकीत बुटावर हाणते. पकड सुटते. ती डावीकडे वळते. पुन्हा वळते. हॉल तिच्याभोवती उलटा फिरतो आणि ती उभीच असते. मागे तो पाय धरून कण्हतो आहे, "कुमुद, अगं कुमुद," करतो आहे. ती बघतसुद्धा नाही.

पंखा बंद पडलाय. वीज गेली असावी. खिडकीतून चारच्या पुढचं ऊन पलंगावर आलंय आणि कुमुद घामाने चिंब होऊन उठून बसली आहे. उजवी टाच ठणकते आहे. ती पाय मांडीवर घेऊन बघते. टाच काळी झाली आहे, चादरीवरही काळा ओरखडा उठलाय. बोट लावून ती वास घेते. बूटपॉलिश. या घरात पॉलिशची डबी वर्षभरात आलेली नाही.

ती बोट चादरीला पुसते. मग फोन उचलते.

"साळवी, रविवारी मी येतेय. आज संध्याकाळी हॉलवर या, मला फक्त डावीकडे वळायचंय."

"अहो, पण पुन्हा पडलात तर?"

"पडले तर उचला."

फोन ठेवून ती लंगडत मोरीत जाते आणि घासणी घेऊन टाच घासायला बसते. पॉलिश लवकर निघत नाही.