तालमीला सांगायचं राहिलेलं

बंगळूरच्या बसमध्ये थर्माकोलचा डबा मांडीवर घट्ट धरून बसलो, तेव्हा दादा खिडकीखाली उभा होता. डब्यात बर्फ होता आणि बर्फात शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या पैलवानांचे शौचाचे नमुने. "पोरांनी माझ्या शब्दावर दिलंय," दादा म्हणाला. "काय निघालं ते तू सोता येऊन सांगायचं." मी मान हलवली. शिक्षणासाठी कोल्हापूर आधीच सुटलं होतं, पण खरा गेलो तो त्या संध्याकाळी.

माणसाच्या आतड्यात असंख्य जिवाणू नांदतात. कुणाच्या पोटात कुठले आणि का, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा असे नमुने मिळणं फार कठीण होतं. मागायलाच लाज वाटे. पुढे प्रत्येक व्याख्यानात मी सांगत आलो, की तालमीत राहून, पैलवानांचा विश्वास मिळवून मी ते गोळा केले. ते खोटं आहे. मी घरात चहा पीत बसलो होतो. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सगळ्यांत आधी स्वतःची डबी भरून दिली, टिंगल सोसली आणि मग पहाटे तालमीमागं उभं राहून एकेकाच्या हातात डबी दिली.

त्या नमुन्यांवर माझा पहिला मोठा पेपर निघाला. मग स्वतःची लॅब, विद्यार्थी, परदेशची आमंत्रणं. मुलगी कन्नड सफाईनं बोलते, मराठी अडखळत. कोल्हापूर एका रात्रीच्या बसवर होतं. दिवाळीला यायचो, पण तालमीची गल्ली टाळून मागच्या बोळातून घरात शिरायचो. पहिल्या वर्षी वेळ नव्हता. नंतर उशीर झाल्याची लाज होती, आणि ती दर वर्षी वाढतच गेली.

तालमीच्या कट्ट्यावर ऐकून घ्यायला मागे दादा होता. डबी दिलेले त्याला टोचायचे, "काय पैलवान, सायबानं आमचं पॅक करून नेलं, पोच बी न्हाय?" तो म्हणायचा, "येईल की." मी निवृत्त झाल्यावर एकदा वहिनीशी फोनवर बोलताना कळलं, की दादा आता तालमीकडं फिरकतच नाही. "गुडघा दुखतोय म्हनत्यात," वहिनी म्हणाली. "रंकाळ्याला चक्कर माराय त्योच गुडघा जातोय की, भावजी."

मी त्याच रात्रीची बस धरली. सकाळी तालमीच्या गल्लीनं घरी आलो आणि दादाला म्हणालो, चल. आता कशाला, म्हणाला. तो उठेपर्यंत मी दारातून हललो नाही.

कट्ट्यावर तेव्हाचे चार-पाच जण होते, सगळे पिकलेले. मोठमोठ्या सभागृहांत बोललेला मी, तिथं चपला काढून उभा राहिलो. नमुने दादानं गोळा केले होते आणि मी जगाला खोटं सांगितलं, हे आधी सांगितलं. मग निष्कर्ष. त्यांच्या पोटात शहरातल्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक तऱ्हेचे जिवाणू होते. आणि आम्हा संशोधकांच्या मते ते दूध-बदामामुळं नव्हे, ज्वारीच्या भाकरीमुळं.

 मग दादाला सर्वांत जास्त टोचणारा बापू म्हणाला, "म्हंजे बदाम फुकटच गेलं की." आणि माझ्याकडं वळून, "एवढं सांगाय म्हातारा झालास व्हय रं?"

 बापू सरकला, शेजारची जागा हातानं झाडली. "पैलवान, तुमी बसा." दादा बसला. मी उभा राहिलो.

तेव्हापासून मी कोल्हापुरातच आहे. डबी दिलेल्यांतले काही आता नाहीत. त्यांच्या घरी जाऊन सांगतो आहे. दारं दादा दाखवतो. तुम्हीही गाव सोडलं असेल आणि परत येताना एखादी गल्ली टाळत असाल, तर ती कुठली हे तुम्हाला ठाऊक आहे. माझं घर आता त्या गल्लीच्या तोंडाशी सुरू होतं.

कट्ट्यावर मला अजून कुणी 'बस' म्हटलेलं नाही. मी रोज जातो.