राजीनामा
नव्या तांदळाचा भात शिजायला लागला, की करडी गावच्या घरातली ती दुपार आठवते. मी घरूनच आयटी कंपनीचं काम करायची. स्क्रीनवरून एचआरची बाई म्हणाली, “अर्ध्या तासात राजीनामा पाठवा, नाहीतर आम्हीच काढू.” आत भात करपत होता, कोणी उठलं नाही.

बाबा कचेरीतले निवृत्त शिपाई. ते दारातून हळूच म्हणाले, “तू कायले लिहून देतेस? त्याईलेच लेखी द्या म्हण.”

मी तेच म्हटलं. महिन्याभरानं, कर्मचारी कपातीचं कारण देऊन काढल्याचं पत्र आलं. काढल्याचा शिक्का बसला म्हणून तेव्हा बाबांचा फार राग आला होता.

पुढच्या मुलाखतीत विचारलं, “राजीनामा का दिलात?”

“दिला नाही,” मी म्हणाले, “त्यांनी काढलं.” आणि पत्र पुढे केलं.