कोडेमास्तर आणि गाईचं दुसरं शिंग

आमचे कोडेमास्तर वाटेत भेटले की रामराम करत नसत, प्रश्न विचारत. समोर कोण आहे, त्याच्या डोक्यावर किती ओझं आहे, याचं त्यांना भान नसे. एकदा त्यांनी आमच्या आजीला विहिरीवरून येताना गाठलं. डोक्यावर भरलेली घागर, कमरेवर दुसरी, आणि हे विचारतायत, "आई, समजा, जगातल्या सगळ्या म्हशी पांढऱ्या असत्या, तर हैदराबादेतली म्हैस कोणत्या रंगाची असती?"

"हैदराबादेला कोण गेलंय बाबा?" आजी म्हणाली. "बघितल्याबिगर कशी सांगू?"

मास्तर खूश झाले. "बराबर आहे," ते म्हणाले, "पण गुण नाही."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शाळेत, पारावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ऐकू येई. लोक हसत आणि सोडून देत. आमच्या घरात मात्र एक माणूस त्या वाक्याला हसत नसे. ते माझे वडील.

भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईकडे जाताना आमचं गाव लागतं. निजामाच्या राज्यात तिथे चौथीपर्यंतची शाळा होती आणि मास्तर तिचे एकुलते एक शिक्षक. तपासणीच्या दिवशी शेरवानी, एरवी धोतर आणि कोपरावर विरलेला सदरा. तरुणपणी ते हैदराबादला प्रशिक्षणाला गेले होते. तिथे त्यांना मुलांची बुद्धी मोजायची नवी रीत कुणीतरी शिकवली. येताना त्यांनी एक कापडी पिशवी आणली. तिच्यात रंगीत लाकडी ठोकळे होते, जाड कागदावर काढलेली चित्रं होती आणि त्यांनी स्वतः मराठीत उतरवलेले प्रश्न होते. आंबा पाडाला आला की नाही हे बोटानं दाबून कळावं, तसं पोराचं डोकं या पिशवीतून कळतं, असं ते तेव्हा मानत.

पहिल्यांदा त्यांनी ही पिशवी उघडली तेव्हा चौथीच्या वर्गात माझे वडील होते. नेमके त्याच दिवशी तालुक्याचे तपासनीस आले. ते खुर्ची ओढून बसले तेव्हा पाळी वडिलांची होती. मास्तरांनी त्यांच्या हातात गाईचं चित्र दिलं. गाय बाजूनं काढलेली, आणि डोक्यावर एकच शिंग. "यात काय कमी आहे?" वडिलांनी चित्र नीट पाहिलं. मग कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला दुसरं शिंग शोधू लागले.

तपासनीस खदखदून हसले. "इसका दिमाग कच्चा है," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

मास्तरांनी पुढचा प्रश्न विचारला, विळा आणि दोरी यांत सारखं काय? वडील म्हणाले, "विळ्यानं कापायचं, दोरीनं बांधायचं. सारखं कुठंय?" याही उत्तराला गुण नव्हता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. आजोबांनी ती ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांना शाळेऐवजी गुरांमागे पाठवलं. थोरले चुलते शिकले, वडील राहिले.

मला आठवतात ते वडील असे गप्प. चावडीवर चार माणसं बोलत असली तर हे मागे भिंतीला टेकून बसत. शेतात काय पेरायचं, कोणता बैल घ्यायचा, सगळं चुलते ठरवत. कुणी मत विचारलंच तर म्हणत, "आपलं डोकं कच्चं हाय, दादाला इचारा." हे ते रागानं म्हणत नसत. डोळ्याचा रंग सांगावा तसं सांगत.

मी चौथीत गेले तेव्हा मास्तरांचे केस पांढरे झाले होते. नोकरी संपायच्या आत तीच परीक्षा, त्याच प्रश्नांनी, त्याच गावच्या चौथीवर पुन्हा घ्यायची असं त्यांनी ठरवलं. वर्गात बहुतेक त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचीच मुलं होती. हे कळलं तेव्हा वडिलांना जेवण गेलं नाही. ते आईला म्हणाले, "तिला उद्या घरी ठिव. माझ्यावर गेली असली तं समद्या गावापुढं कळंल."

"कळू द्या की," आई म्हणाली. "गेली तं गेली. बाप तर चांगला हाय." आणि तिनं मला वेणी घालून पाठवलं.

मला ती परीक्षा खेळासारखी वाटली. गाईचं चित्र पाहून मी म्हटलं, "एक शिंग काढायचं राह्यलंय." विळा आणि दोरी? "दोन्ही शेतीची अवजारं." ठोकळे तर मी बोलता बोलता जुळवले. माझंच असं नाही, जवळपास सगळ्या वर्गाचं तसंच झालं. मास्तरांचा चेहरा मात्र पडत चालला. पोरांना प्रश्न आधीच फुटले असणार, असा त्यांना संशय आला. पुढच्या आठवड्यात ते पिशवी घेऊन शेजारच्या गावात गेले. तिथेही तेच. मग काही दिवस त्यांनी वाटेत कुणालाही प्रश्न विचारला नाही. लोकांना वाटलं, मास्तर आजारी आहेत.

एका दुपारी ते आमच्या शेतात आले. मी वडिलांची भाकरी घेऊन गेले होते. मास्तर घामाघूम होऊन बांधावर बसले आणि म्हणाले, "किसन, तुझ्या वर्गात विळ्या-दोरीचा गुण किती जणांना मिळाला होता, ठाऊक आहे?"

"मला न्हाई मिळाला एवढं ठाऊक हाय," वडील म्हणाले.

"एकालाही नाही. तुझ्या थोरल्या भावालासुद्धा नव्हता, त्याला मी नंतर वेगळं बसवून विचारलं होतं. आणि आता पोरं विचारायच्या आत सांगतात. मला सांग, घराणी तीच, पाणी तेच, भाकरी तीच. कच्च्या बापांच्या पोटी गावभर एकदम पक्की पोरं कुठून आली?"

वडिलांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मी फार विचार केला," मास्तर म्हणाले. "तू त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं चित्र हातात घेतलं होतंस. गावात चित्र होतं कुठे? देवळात मूर्ती होती. मूर्तीच्या मागं जाऊन बघता येतं. तू तेच केलंस. आता काड्यापेटीवर चित्र आहे, कापडाच्या गठ्ठ्यावर चित्र आहे, घरोघरी देवांची कॅलेंडरं आहेत. जालन्याला तंबूतला सिनेमा बघून आलेली पोरं आहेत. ही चित्रात वाढली, 'अवजारं'सारखे पुस्तकी शब्दही ऐकत वाढली. माझी पिशवी डोकं मोजते असं मला वाटलं होतं. ती बऱ्याच अंशी काळच मोजत होती, पोरानं काय पाहिलंय ते."

"म्हंजे गुरुजी..." वडील म्हणाले. "म्हंजे माझं डोकं?"

"बिलकुल पक्कं आहे. तेव्हाही होतं. तपासनीस हसले तेव्हाच मी हे बोलायला पाहिजे होतं, पण मलाच कळलं नव्हतं."

वडील खाली बसले. दोन्ही हात ढेकळांवर टेकवून त्यांनी मान खाली घातली. मला भीती वाटली, ते रडतायत की काय. पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा सैल पडला होता, ताप उतरल्यावर माणसाचा पडतो तसा. "सखू," ते मला म्हणाले, "भाकरी सोड. गुरुजीला बी वाढ. लई भूक लागली."

त्यानंतर वडील एका दिवसात बदलले असं नाही. चावडीवर ते अजून मागेच बसत, पण मागून बोलू लागले. मला जालन्याला मामाकडे ठेवून पुढे शिकवायचं म्हटल्यावर चुलते नको म्हणाले, तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा त्यांच्यापुढे मान डोलावली नाही. "दादा, एवढं मला ठरवू द्या," ते म्हणाले. चुलते इतके चकित झाले, की हो म्हणून गेले.

निजामाचं राज्य गेलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांची नोकरीही संपली. ते परभणीला मुलाकडे राहायला निघाले. जालन्याच्या स्टेशनपर्यंत वडिलांनी त्यांना आमच्या बैलगाडीतून नेलं. सुट्टी होती म्हणून मीही होते. वाटभर दोघं वाद घालत होते. बैलाला रस्ता आठवतो की तो वासावरून चालतो, या वादात भोकरदन कधी मागे पडलं ते कळलं नाही. मास्तर एक म्हणत, वडील खोडून काढत.

फलाटावर मास्तर म्हणाले, "किसन, मी जन्मभर लोकांना प्रश्न विचारले. जाताना तू मला एक विचार."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, हिची पोरं हिच्याहून हुशार निघतील का?"

"तसं दिसेल खरं," मास्तर म्हणाले. "त्यांना असं काही येईल जे हिनं कधी पाहिलेलं नसेल. त्या दिवशी ही घाबरेल, आपलंच डोकं कच्चं समजून गप्प बसेल. तेव्हा तू जवळ बस हिच्या."

गाडी सुटली. वडील फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. परत आले ते हसतच, आणि मला म्हणाले, "चल, आता चहा पिऊ. मला बी एक कोडं इचारायचंय तुला."