सोमवारी न झालेली सही

प्रभा ढोके मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेली किल्ली होती आणि उचललेलं पाऊल तसंच अधांतरी ठेवून त्या थांबल्या होत्या. जबलपूरच्या सदरमधल्या एका जुन्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. मी मुलाखतीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून दीक्षितपुऱ्याहून ऑटोने, वेळेच्या बराच आधी पोचलो होतो. व्हरांड्यात पाच-सहा मोठी माणसं हातात कुलपं घेऊन उभी होती. कोपऱ्यात खुर्चीवर बसून भांडारपाल मेश्रामकाका टाळी वाजवत होते. टाळी वाजली की प्रत्येकाने हातातल्या कागदावरची एक ओळ वाचायची, एक पाऊल टाकायचं आणि पुढच्या टाळीपर्यंत गप्प उभं राहायचं. पत्ता चुकला असं समजून मी मागे फिरणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "अच्छा, तुम्हीच बोरीकर काय? चलो, टायमर व्हा. आमचा टायमर आज सुट्टीवर आहे."

माझी मुलाखत ती एवढीच. टायमरचं काम सोपं होतं. व्हरांड्यात मांडलेल्या पत्र्याच्या डब्यांमधून फिरायचं आणि ज्या डब्याचं काम संपलं असेल तो उचलून न्यायचा. एका डब्याला हात लावण्याआधी मी विचारलं, "उचलू का? कोणाला लागणार तर नाही ना?" त्या एका प्रश्नावर मला नोकरी मिळाली, असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. तोच प्रश्न विचारायला मी नंतर विसरलो, आणि हा लेख त्या विसरण्याबद्दलच आहे.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी परवानगी घ्यायला त्यांच्या गढ्याच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि अट घातली. "तारीफ अर्ध्या पानात उरका. तो सोमवार मात्र पूरा लिहा. काही लपवून राहिले तर मी छापू देणार नाही." ज्यांचा सत्कार त्यांनीच अटी घालाव्यात, हे आमच्या मॅडमच्या बाबतीत कोणाला नवल वाटण्याजोगं नाही.

राज्याचे दोन भाग झाल्यानंतरची ती पहिली काही वर्षं होती. नर्मदेच्या वरच्या अंगाला पाण्याची उंची मोजणारी ठाणी होती. त्यांचे आकडे एका नियंत्रण कक्षात यायचे, आणि ते पाहून धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे ठरायचं. ते आकडे घेणाऱ्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम आमच्याकडे होती. ती मोफत मिळणारी, कोणालाही बदलता येणारी, उघडी सिस्टिम होती. आम्ही तिला आमच्या कामापुरतं घडवलं होतं. जुन्या संगणकात एकच प्रोसेसर होता. नवीन आले त्यांत दोन होते, आणि तिथून आमच्या झोपेचं खोबरं झालं.

दोन प्रोसेसर म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन माणसं. एकाने पातेलं चुलीवर ठेवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ते घासायला उचलायचं, असा गोंधळ होऊ नये म्हणून सिस्टिमच्या नेटवर्कच्या साऱ्या भागाला एकच मोठं कुलूप होतं. एक आत गेला की दुसरा बाहेर ताटकळत उभा. यात धोका नव्हता, पण सगळी ठाणी एकदम बोलायला लागली की आकडे गळून पडायचे. मॅडमनी ते मोठं कुलूप काढून त्याच्या जागी लहान लहान कुलपं बसवायचं ठरवलं. ठाण्यांशी होणाऱ्या प्रत्येक जोडणीला तिचं स्वतःचं कुलूप, आणि साऱ्या जोडण्यांच्या यादीला एक वेगळं.

त्यासाठी त्यांनी एक वही केली. लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक कुलपाला नंबर, ते कशाची राखण करतं, कोणत्या कुलपाच्या नंतरच ते घ्यायचं आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचं नाव. नाव लिहिल्याशिवाय एकही कुलूप सिस्टिममध्ये गेलं नाही. माणूस रजेवर गेला की त्याच्या नावापुढे मॅडम स्वतःचं नाव लिहायच्या. माझ्या वडिलांचं ऑपरेशन नागपूरला होतं तेव्हा मी तीन आठवडे नव्हतो. ऑफिसातून एकदाही फोन आला नाही, तेव्हा नोकरी गेली की काय या धास्तीने मीच केला. मॅडम म्हणाल्या, "काहून फोन केला? तुमचं कुलूप माझ्याकडे आहे. तुम्ही बाबांकडे पाहा." आणि फोन ठेवून दिला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो, हे त्यांना आज पहिल्यांदा कळेल.

आता तो सोमवार.

पावसाळा तोंडावर होता. नवीन सिस्टिम चाचणीसाठी कक्षात बसवलेली होती आणि ती मधूनच थिजायची. कधी तीन दिवसांनी, कधी आठ. थिजल्यावर ती बंद पडल्यासारखी दिसायची नाही, हा खरा घोर होता. पडद्यावर शेवटचे आकडे तसेच राहायचे. वर नदी चढते आहे आणि पडद्यावर ती जागेवर आहे, असं एखाद्या रात्री झालं असतं तर खालच्या काठावरच्या माणसांचं काय झालं असतं, हे आमच्यापैकी कोणी मोठ्याने बोलत नसे.

दोष शोधायचं काम माझ्याकडे होतं. ज्या भागात मला संशय होता तिथे मी पडद्यावर एक ओळ छापणारी सूचना टाकली, म्हणजे कोणता प्रोसेसर कुठे आहे ते दिसावं. आणि थिजणं थांबलं. दहा दिवस झाले, बारा झाले, मशीन ठणठणीत. दोष काय होता ते मला कळलेलं नव्हतं. ओळ छापण्यात एक प्रोसेसर जरासा रेंगाळतो आणि म्हणून दोघांची टक्कर चुकते आहे, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो. पण मी थकलो होतो, आणि खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. मी ती ओळ तशीच ठेवली आणि मॅडमना सांगितलं, "झालं मॅडम. निघून गेला."

सोमवारी सकाळी आमचे संचालक दुबेजी कागद घेऊन आले. सिस्टिम सुरक्षित आहे, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली मॅडमच्या नावाची जागा. कागद दुपारपर्यंत कक्षात पोचला नाही तर जुनी यंत्रणा तशीच ठेवून काम दुसऱ्यांना दिलं जाणार होतं. मग आमचा तो बंगला, ती माणसं, कोणी उरलं नसतं. दुबेजी उभेच होते. मॅडमनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे फिरवला आणि टेबलावरून पेन माझ्या दिशेने सरकवलं.

"लिखाण तुमचं आहे, बोरीकरजी. पहले तुम्ही करा. मी खाली करते."

साधी गोष्ट होती. नाव लिहायचं. पेन माझ्यासमोर होतं आणि मी त्याच्याकडे नुसता पाहत होतो. भिंतीवरच्या पंख्याने कागदाचा कोपरा उडत होता, तो दुबेजींनी बोटाने दाबून धरला.

"क्या हुआ भई?" दुबेजींनी विचारलं.

मॅडम माझ्याकडेच पाहत होत्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही करून नाही राहिले, तर माझ्याकडून काहून करवून राहिले?"

मी सांगितलं. ती ओळ, ते रेंगाळणं, सगळं. अर्धं हिंदीत आणि अर्धं मराठीत बाहेर पडलं. दुबेजी लाल झाले. मला वाटलं, मॅडम आता बोलतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद दुबेजींना परत दिला.

"शनिवार तक रुकिए, दुबेजी."

"मॅडम, पानी शनिवार देखकर नहीं आएगा."

"इसीलिए कह रही हूँ. कंट्रोल रूम से मैं खुद बात करूँगी."

दारं लोटून त्या फोनवर बराच वेळ बोलल्या. पलीकडचं काय बोलणं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "शनिवार दुपार. त्याच्या पुढे नाही. मेश्रामकाका, कुलपं काढा."

मंगळवारपासून आम्ही व्हरांड्यात उभे होतो. टाळी, ओळ, पाऊल. टाळी, ओळ, पाऊल. संगणकाच्या आत जे होतं तेच पायी चालून पाहायचं: दोन माणसं दोन प्रोसेसर, संपलेल्या जोडण्या उचलणारा एक टायमर, टेबलावर यादीचं रजिस्टर आणि दर जोडणीमागे कुलूप लावलेला एक डबा. बुधवार गेला. गुरुवारी एकाला ताप आला, त्याच्या जागी मेश्रामकाका टाळ्या वाजवता वाजवता टायमरही झाले. कोणी कोणाशी नीट बोलेना. एकदा मी चिडून म्हणालो की पोरखेळ पुरे झाला, मोठं कुलूप परत लावू आणि मोकळे होऊ. मॅडम म्हणाल्या, "हो, लावू. शनिवारी. आज शुक्रवारही नाही उजाडला." आणि काकांना टाळी वाजवायची खूण केली.

शुक्रवारी जेवणानंतर मी दुसरा प्रोसेसर होतो. माझ्या हातात मीच लिहिलेला कागद होता. टाळी. मी यादीचं कुलूप उघडलं. टाळी. यादीत सात नंबरचा डबा सापडला. टाळी. मी यादीचं कुलूप परत लावलं. आता डब्याकडे जाऊन त्याचं कुलूप घ्यायचं. टाळी. मी पाऊल उचललं, आणि त्याच टाळीला मेश्रामकाका टायमर म्हणून आले, सात नंबरचा डबा बगलेत मारला आणि शांतपणे निघून गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या डब्याकडे कोणी येतं आहे, हे त्यांना सांगणारं कुठे काहीच नव्हतं.

मी रिकाम्या जागेसमोर किल्ली धरून उभा होतो; संगणकातला प्रोसेसरही असाच थिजत होता. यादी सोडल्यापासून डबा धरेपर्यंत मधलं एक पाऊल. आधी ते नव्हतं. यादीचं कुलूप जास्त वेळ अडकून राहू नये, काम भरभर व्हावं, म्हणून मीच ते तिथे घातलं होतं आणि मॅडमनी ते तपासून पास केलं होतं. काकांनाही कळलं असावं, कारण त्यांनी डबा परत आणून ठेवला.

"माझं आहे," मी म्हणालो. "हे पाऊल माझं आहे."

"तुमचं आहे, आणि पास मी केलं," मॅडम म्हणाल्या. "आता आधी त्याला पाडून दाखवा."

त्यांची ही रीत मला तेव्हा क्रूर वाटली होती. दुरुस्ती लगेच करू दिली नाही. छापणारी ओळ काढून टाकली आणि त्या मधल्या पावलावर मुद्दाम थोडं थांबायला लावणारी सूचना घालायला सांगितली. आठ-आठ दिवस दबा धरून बसणारा दोष चहा संपायच्या आत वर आला. मशीन थिजलं, आणि ढोके मॅडम आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. मग दुरुस्ती. यादी सोडण्याआधीच डब्यावर एक चिठ्ठी लावायची: इथे कोणीतरी येतं आहे. चिठ्ठी असलेला डबा टायमरने उचलायचा नाही. काम झालं की ज्याने लावली त्याने चिठ्ठी काढायची. मुद्दाम घातलेलं थांबणं तसंच ठेवून, दोन्ही प्रोसेसरांवर खोट्या आकड्यांचा मारा सुरू केला. शनिवारी सकाळी नऊला आलो, चालू होतं. अकराला चालू होतं. बाराला दुबेजी आले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. दीड वाजता मॅडमनी कागद मागवला. आधी मी सही केली, खाली त्यांनी.

सोबतच्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं की दोष तपासणीतून सुटला आणि तपासणी माझी होती. माझं नाव त्यात नव्हतं. लाल वहीत मात्र सात ओळींत सगळं मला माझ्या हाताने, माझ्या नावासकट लिहायला लावलं, आणि त्याच कुलपाच्या पुढे सांभाळणारा म्हणून माझंच नाव कायम ठेवलं. मी काही दिवस घुश्शात होतो. पुढे प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी ते पान वाचायला मिळू लागलं, तेव्हा तर फारच. मग लक्षात आलं की ते पान वाचलेली माणसं आपली चूक माझ्याकडे न घाबरता आणतात. त्या पावसाळ्यात नदी दोनदा चढली आणि पडद्यावरही चढली.

आमची ती चिठ्ठी पुढे मूळ सिस्टिम सांभाळणाऱ्या दूरदेशीच्या लोकांनीही घेतली. जबलपूरमधून हे कोण लिहून राहिलं, अशी चौकशी त्यांनी केली. मॅडमनी उत्तरात सगळ्यांची नावं कळवली, टाळ्या वाजवणाऱ्या मेश्रामकाकांचंसुद्धा. तारीफ इथे संपवतो, अर्धं पान झालं.

हा लेख परवा मी त्यांना वाचून दाखवला. विहारातून नुकत्याच आल्या होत्या, गुडघे दुखत होते, पाय स्टुलावर ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. जिन्यात रडल्याचं ऐकून म्हणाल्या, "हे मला काहून नाही सांगितलं?" मग कागद घेऊन चष्म्यातून पुन्हा पाहिले आणि टेबलावरून पेन माझ्याकडे सरकवलं. "सगळं असंच झालं ना? तर मग करा."

मॅडम, तुमचे गुडघे तुम्हाला व्हरांड्यात उभं राहू देवोत, डोळे ती लाल वही वाचू देवोत, आणि तुम्हाला एवढं मोठं, निरोगी आयुष्य लाभो की अजून कितीतरी जणांसमोर तुम्ही हे पेन सरकवाल. या वेळी सही करायला मला वेळ लागला नाही.

विलास बोरीकर